संगणकाचे सुटे भाग आणि त्यांचा मेळ

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर भंडाऱ्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलानें दोन वर्षें लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन ४०,००० रुपये साठविले होते, आणि तेवढ्या पैशांत खेळ खेळतां येतील असा संगणक तो स्वतःच्या हातांनीं जुळवीत होता. प्रोसेसर त्यानें एका ओळखीच्या मुलाकडून वापरलेला घेतला. मदरबोर्ड नागपूरच्या एका दुकानांतून आणला. रॅमची पट्टी स्वस्त मिळाली म्हणून घरबसल्या मागविली. आतां सर्व सामान सतरंजीवर मांडून झालें होतें, आणि ती पट्टी कांहीं केल्या खांचेंत बसत नव्हती. बहीण म्हणाली, "दादा, हा म्हणतो थोडा जोर लावून बघतों. लावूं देऊं का?" मीं म्हटलें, "आधीं त्याला हात मागें घ्यावयास सांग."

ती पट्टी कां बसेना, याचा उलगडा करावयाचा तर निदान १९८१ सालापर्यंत मागें जावें लागतें. पण मी त्याहून शंभर वर्षें मागें जाणार आहें, आणि तेंहि आमच्या भंडारा जिल्ह्यांतच. कारण एकाचें दुसऱ्याशीं न जुळण्याची जी व्यथा माझ्या भाच्यानें सतरंजीवर अनुभवली, ती या जिल्ह्यानें रुळांवर अनुभवलेली आहे.

मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. तिच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट, म्हणजे आपण ज्याला ब्रॉडगेज म्हणतों तें. पुढें १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला, आणि छत्तीसगडांतील धान्य बाहेर आणावयास रेल्वे हवी हें सरकारास पटलें. त्यांतून नागपूर–छत्तीसगड रेल्वे निघाली. वरठी, तुमसर या बाजूनें जिल्हा ओलांडून ती १८८२ सालीं राजनांदगांवास पोंचली. मात्र बांधतांना काटकसर म्हणून तिचे रूळ एकाच मीटरच्या अंतरावर घातले होते. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालणें शक्य नव्हतें. तेव्हां राजनांदगांवाकडून आलेलें तांदळाचें प्रत्येक पोतें नागपुरास एका डब्यांतून उतरवावें आणि दुसऱ्या डब्यांत चढवावें, असा क्रम सुरू झाला. इंजिनें चांगलीं, डबे चांगले, रूळहि चांगले. आणि तरी माल फलाटावर अडकून पडे. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनें हा मार्ग हातीं घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं तो ब्रॉडगेज करून टाकला. सहा वर्षांपूर्वींची काटकसर उखडून पुन्हां नव्यानें रूळ घालावे लागले.

यांतून शहाणपण आलें असेल असें कोणास वाटेल. पण त्याच कंपनीनें १९०३ ते १९०५ या काळांत गोंदियाहून नैनपूरमार्गें जबलपुरास जाणारा फांटा बांधला, तो अडीच फुटी नॅरोगेजचा. गोंदिया १९९९ च्या १ मे पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच मोडत होतें, म्हणून हीहि आमच्याच घरची गोष्ट. सातपुड्याच्या वळणांत अरुंद रूळ स्वस्त पडतात, हें खरें आहे, आणि त्या वेळीं तो हिशेब चुकीचा होता असें मी म्हणणार नाहीं. परंतु गोंदियास गाडी बदलण्याची ती दगदग एकविसाव्या शतकांत हा मार्ग टप्प्याटप्प्यानें ब्रॉडगेज होईपर्यंत चालूच राहिली. स्वस्ताई एकदांच होते. तिची अडचण पुढच्या तीन पिढ्या सोसतात.

आतां संगणकाकडे वळूं. हीं यंत्रें जेव्हां प्रथम झालीं तेव्हां मेळ हा प्रश्नच नव्हता, कारण एका यंत्रांतील सर्व कांहीं एकाच कारखान्याचें असे. इतकेंच नव्हे, तर एकाच कारखान्याच्या दोन यंत्रांचेंहि एकमेकांशीं जमत नसे. आयबीएम कंपनीनें १९६४ च्या एप्रिलमध्यें सिस्टिम ३६० या नांवानें यंत्रांचें एक कुटुंबच जाहीर केलें आणि त्यांतील लहान यंत्रावरचा कार्यक्रम मोठ्यावरहि चालेल असें वचन दिलें. ग्राहकांना तें फार आवडलें. पण मेळ एकदां ठरला म्हणजे तो ठरविणाऱ्याच्याच उपयोगीं पडतो असें नाहीं. थोड्याच वर्षांत इतर कारखान्यांनीं त्या यंत्राला जोडतां येतील असे तबकड्यांचे व फितींचे भाग करून ते आयबीएमपेक्षां कमी भावानें विकावयास आरंभ केला.

हाच अनुभव त्या कंपनीला दुसऱ्यांदां आला, आणि या वेळीं त्यानें साऱ्या जगाचा बाजार बदलला. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमनें आपला वैयक्तिक संगणक प्रसिद्ध केला. तो लौकर तयार व्हावा म्हणून त्याच्या कारागिरांनीं घरचे भाग न घेतां बाजारांत मिळणारे भाग घेतले: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आंत जादा कार्डें बसविण्यासाठीं पांच खांचा ठेवल्या, आणि त्या खांचांचा तपशील, विद्युत्-आकृति, इतकेंच काय, यंत्राला जागें करणारा बायोस नांवाचा जो छोटा कार्यक्रम असतो त्याचा मजकूरहि छापील पुस्तकांत देऊन टाकला. कोणींहि कार्डें करावींत आणि विकावींत, असा त्यामागें हेतु होता. बायोसवर मात्र कंपनीचा लेखनहक्क होता. तो वाचतां येई, उतरवून घेतां येत नसे.

येथें कॉम्पॅक नांवाच्या नव्या कंपनीनें जी युक्ति योजिली, ती मला फार मनोरंजक वाटते. तिनें दोन गट केले. पहिल्या गटानें आयबीएमचा बायोस अभ्यासून तो काय काय करतो एवढेंच लिहून काढलें. दुसऱ्या गटांतील माणसांनीं तो मूळ मजकूर कधीं पाहिलेलाच नव्हता. त्यांनीं त्या वर्णनावरून स्वतःचा बायोस नव्यानें लिहिला. काम तेंच, अक्षर मात्र आपलें. हा संगणक १९८२ च्या नोव्हेंबरांत जाहीर झाला. १९८४ पासून फिनिक्स या कंपनीनें असाच बायोस कोणालाहि परवान्यावर देण्यास सुरुवात केली, आणि मग ज्याला ज्याला पत्र्याची पेटी वांकवितां येते तो तो संगणकाचा कारखानदार होऊं लागला.

आयबीएमला हें रुचलें नाहीं. १९८७ च्या एप्रिलमध्यें तिनें पीएस/२ हीं नवीं यंत्रें आणलीं आणि त्यांतील कार्डांची खांच बदलून टाकली. जुनें कार्ड त्यांत बसेना, आणि नवें करावयाचें तर परवाना घ्यावा लागे. थोडक्यांत, मालकानें रुळांची रुंदी बदलली. पण तोंवर जुन्या रुंदीवर इतरांच्या शेंकडों गाड्या धांवत होत्या. १९८८ सालीं नऊ कंपन्यांनीं एकत्र येऊन, जुनीं कार्डेंहि जींत बसतील अशी आपली वेगळी खांच जाहीर केली, आणि आयबीएमची खांच कांहीं वर्षांत मागें पडली. न्यायानें बोलावयाचें तर त्या यंत्रांतून पुढें टिकलें तेंहि थोडें नाहीं. कीबोर्ड व माऊस जोडण्याचें तें वाटोळें छिद्र आणि पडद्याची व्हीजीए जोडणी हीं दोन्ही त्याच १९८७ सालचीं अपत्यें आहेत.

आपल्या देशांत हा वारा कांहींसा उशिरां पोंचला. १९७८ सालीं आयबीएमनें भारतांतून काढतें पाय घेतलें होतें; १९८४ च्या नोव्हेंबरांत सरकारनें संगणकाविषयींचें धोरण सैल केलें; १९९७ सालीं भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारांत सामील झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरील जकात उतरत उतरत शून्यावर आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचीं दुकानें दाटलीं, आणि "असेंबल केलेला" हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळला. ज्याला नांवाजलेल्या कंपनीचा संगणक परवडत नसे, तो असेंबल केलेला घेई.

मीं स्वतः १९९८ सालीं तसाच घेतला. भाग लॅमिंग्टन रोडवर गोळा केले, मदरबोर्ड अंथरुणाच्या वळकटींत गुंडाळला आणि रात्रभर ती वळकटी उशाशीं ठेवून वरठीच्या स्टेशनावर उतरलों. त्या काळच्या एसएमपीएसमधून मदरबोर्डास वीज देणाऱ्या दोन पट्ट्या येत. दोन्ही दिसावयास जुळ्या बहिणी. डावी उजवीकडे बसविली तरी मुकाट्यानें बसे, आणि बटण दाबतांच मदरबोर्ड जळे. दुकानदारानें मला निरोप देतांना एकच मंत्र सांगितला होता: "काळ्याला काळी." म्हणजे दोन्ही पट्ट्यांतील काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारीं आल्या पाहिजेत. तो मंत्र पुटपुटत मीं बटण दाबलें होतें. इंटेलनें १९९५ सालीं जी एटीएक्स नांवाची नवी मांडणी ठरविली, तींत या दोहोंच्या जागीं एकच प्लग आला, आणि तो उलटा बसूंच नये असा घडविला होता. स्क्रूंच्या जागा, मदरबोर्डाची लांबीरुंदी, पाठीमागच्या जोडण्यांची चौकट, हेंहि सर्व त्यांतच ठरलें. आज जें कॅबिनेट आपण घेतों तें बहुधा त्याच मांडणीचें असतें. तीस वर्षें टिकलेला एवढा मोठा करार या धंद्यांत दुसरा नाहीं.

बाहेरचा सांगाडा असा स्थिरावला. आंतला मेळ मात्र त्याच सुमारास फुटला. माझ्या त्या मदरबोर्डावर सॉकेट ७ होतें. त्यांत इंटेलचा प्रोसेसर बसे, एएमडीचा बसे आणि सायरिक्सचाहि बसे. ज्याच्या खिशाला जो परवडेल तो त्यानें घ्यावा. गरीब गिऱ्हाइकाचा तो सुवर्णकाळच होता. पण १९९७ सालीं इंटेलनें पेंटियम २ साठीं स्लॉट १ ही आपली खासगी खांच काढली आणि ती इतर प्रोसेसरवाल्यांना वापरूं दिली नाहीं. १९९९ सालीं एएमडीनें ॲथलॉनसाठीं स्लॉट ए काढला. मदरबोर्ड करणाऱ्यांना नवीन सामान घ्यावें लागूं नये म्हणून तिनें खांचेचा सांचा हुबेहूब इंटेलचाच वापरला, फक्त उलट्या दिशेनें बसविला. आंतील विजेचा सारा व्यवहार मात्र निराळा.

भंडाऱ्यास पितळी भांड्यांचा धंदा जुना आहे, आणि आमच्या आईची डबे ओळखण्याची परीक्षा साधी होती: ज्याला झांकण बसलें त्याचें तें झांकण. स्लॉट ए नें ही परीक्षा निकामी केली. त्या दिवसापासून दोन्ही कंपन्यांचे मार्ग जे वेगळे झाले ते पुन्हां कधीं मिळाले नाहींत. म्हणून आज पहिला संगणक जुळविणाऱ्यानें कोणता प्रोसेसर घ्यावयाचा हें ठरविल्यावांचून मदरबोर्डाला हात लावूं नये.

झांकण बसूनहि भांडें चालू नये असे प्रसंग पुढेंहि आले. इंटेलचें एलजीए ११५१ हें सॉकेट २०१५ सालीं निघालें. २०१७ सालीं आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेहि ११५१ टोकांचेच; पण जुन्या मदरबोर्डावर ते चालत नसत, त्यांना नवा लागे. वापरलेल्या मालाच्या बाजारांत या एका आंकड्यानें कितीजणांना फसविलें असेल! एएमडीचें एएम४ सॉकेट त्या मानानें दिलदार निघालें. २०१७ सालचे पहिले रायझन त्यांत बसले आणि २०२० सालचे पांचव्या मालिकेचेहि बसले. पण तेथेंहि एक अट होती. मदरबोर्डांतील बायोस जुना असेल तर नवा प्रोसेसर त्याला ओळखूं येत नाहीं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच राहतो. बायोस अद्ययावत् केला कीं तोच मदरबोर्ड तोच प्रोसेसर मुकाट्यानें चालवितो. १९८१ सालीं ज्या छोट्या कार्यक्रमासाठीं एवढी झटापट झाली, त्याचें महत्त्व अजून कमी झालेलें नाहीं.

रॅमच्या बाबतींत ठरविणाऱ्यांनीं अधिक विचार केलेला दिसतो. डीडीआर या जातीची रॅम २००० च्या सुमारास आली, २००३ च्या सुमारास दुसरी, २००७ सालीं तिसरी, २०१४ त चौथी, आणि पांचवीचा नियम २०२० सालीं ठरला. प्रत्येक पिढीचा वेग निराळा आणि विजेचा दाबहि निराळा: तिसरीचा दीड व्होल्ट, चौथीचा १.२, पांचवीचा १.१. चौथ्या व पांचव्या पिढीच्या पट्ट्यांना टोकें सारखींच, २८८. लांबीहि सारखीच दिसते. परंतु पट्टीच्या कडेला जी एक लहानशी खूण कापलेली असते, तिची जागा प्रत्येक पिढींत थोडी सरकविलेली आहे. चुकीची पट्टी चुकीच्या खांचेंत जाऊंच नये, एवढ्यासाठींच ती सरकविली. माझा भाचा ज्या अडथळ्याशीं झगडत होता, तो अडथळा त्याच्याच चाळीस हजारांच्या रक्षणासाठीं कोणींतरी हेतुतः ठेवलेला होता.

मुलगा मूर्ख मुळींच नाहीं. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीचा, एलजीए १७०० सॉकेटाचा. २०२१ सालीं निघालेल्या या पिढीची विशेषता ही कीं ती चौथी व पांचवी दोन्ही प्रकारची रॅम चालवूं शकते. हें त्यानें वाचलें होतें, आणि म्हणूनच स्वस्त मिळालेली चौथीची पट्टी त्यानें निर्धास्तपणें घेतली. पण प्रोसेसराला दोन्ही भाषा येत असल्या तरी मदरबोर्डावर खांचा एकाच प्रकारच्या असतात. एकाच नांवाचे मदरबोर्ड बाजारांत दोन्ही प्रकारचे मिळतात, आणि खोक्यावर फरक असतो तो एखाद्या अक्षराचा किंवा आंकड्याचा. त्याच्या हातीं पांचवीचा आला होता.

फोनवर असतांनाच मीं त्याला बाकीच्या भागांविषयीं विचारलें, तेव्हां आणखी दोन गोष्टी निघाल्या. प्रोसेसराच्या नांवाच्या शेवटीं एफ हें अक्षर होतें. त्याचा अर्थ असा कीं, चित्र दाखविण्याची सोय त्या प्रोसेसरांत नाहीं. ग्राफिक्स कार्ड बसेपर्यंत यंत्र सर्व प्रकारें नीट असूनहि पडद्यावर कांहीं उमटणार नाहीं. त्याला हें माहीत होतें. दुसरी गोष्ट एसएमपीएसची. तो कॅबिनेटबरोबर आलेला होता, आणि ही संवय मात्र मला आपल्या बाजारांतली सर्वांत घातक वाटते.

ग्राफिक्स कार्डाची जी खांच आज आहे, ती पीसीआय एक्सप्रेस जातीची, तिचा नियम २००३ सालचा. आणि तिच्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाहीं. नवें कार्ड जुन्या खांचेंत आणि जुनें कार्ड नव्या खांचेंत बहुधा चालतें, फार तर थोडें मंद. पण खांच कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज देते. त्याहून भूक अधिक असेल तर एसएमपीएसमधून निराळी तार द्यावी लागते: सहा टोकांची असेल तर आणखी ७५ वॉट, आठांची असेल तर १५०. प्रोसेसर व कार्ड यांची बेरीज करून तिच्यावर चांगली सढळ शिल्लक राहील असा, आणि ज्याच्या अंगावरचा आंकडा खरा आहे असा एसएमपीएस घ्यावा. येथें प्लग बसतो, खूणहि जुळते, यंत्र सुरूहि होतें. आणि ऐन खेळाच्या रंगांत, जेव्हां कार्ड पूर्ण शक्ति मागतें, तेव्हां सर्व एकदम बंद पडतें. एखादे वेळीं जातांना मदरबोर्डालाहि घेऊन जातें. खेळासाठीं संगणक घेणाऱ्यानें म्हणून माझ्या मतें आधीं कार्ड ठरवावें, मग त्याला पुरेल असा एसएमपीएस, आणि कॅबिनेट घेतांना त्यांत कार्डाची लांबी मावते कीं नाहीं एवढें पट्टी लावून पाहावें. रंगीत दिव्यांवर पैसे घालवूं नयेत हें मी त्याला सांगितलें नाहीं. त्या वयांत तें कोणी ऐकत नाहीं.

राहिला रॅमचा प्रश्न. माझा सल्ला असा होता कीं मदरबोर्ड ठेवावा आणि पट्टी पांचवीची घ्यावी. कारण पुढें केव्हां मदरबोर्ड बदलला तरी ती पट्टी त्यावर नेतां येईल, चौथीची नेतां येणार नाहीं. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा दाखलाहि मीं दिला. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, "मामा, तुमचं खरं आहे, पण पट्टीला जास्तीचे पैसे घातले तर कार्ड लहान घ्यावं लागेल. मला खेळायचं आत्ता आहे. आणि या सॉकेटचे नवे प्रोसेसर तर यापुढें निघणारच नाहींत." तेंहि खोटें नव्हतें, २०२४ सालींच इंटेल एलजीए १८५१ या पुढच्या सॉकेटावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस. टी. नें तो नागपुरास गेला. दुकानदारानें खोकें उघडलेलें पाहून आधीं कुरकुर केली, मग ८०० रुपये कापून घेऊन चौथ्या पिढीचा मदरबोर्ड बदलून दिला. पुढच्या महिन्यांत एका ओळखीच्याकडून वापरलेलें ग्राफिक्स कार्ड आणि बाजारांतून चांगला एसएमपीएस आला. तोंपर्यंत यंत्र बहिणीच्या घरीं ओट्याशेजारच्या टेबलावर उघडें पडून होतें, आणि बहीण रोज त्यावर धूळ बसूं नये म्हणून आपली एक जुनी सुती साडी पांघरीत होती.